न विचारलेली साक्ष

भाताची शेवटची खाचरं कापायची राहिली होती, तेव्हा मिंगो लाल सदरा घेऊन घरी आला.

सदरा फ्लॅनेलचा होता, नवाकोरा, काखेत घडी करून आणलेला. त्यानं तो खाटेवर ठेवला आणि दारातल्या ओंडक्यावर बसून पाय पुढं केले. झिल्पा रोज संध्याकाळी नवऱ्याचे पाय धुवायची. भाताच्या पाण्यात जन्म काढून त्या पायांची पार वाट लागली होती. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन सुटायची, टाचांना भेगा, भेगांत चिखल आणि चिखलाला कुजक्या पेंढ्याचा वास. ती कोमट पाण्यात मीठ टाकायची, चिंधीनं भेगा पुसायची आणि वर चरबी चोळायची. तिला त्या पायांची कधी शिसारी आली नव्हती. तिचेही पाय तसेच होते.

आजही तिनं पाणी तापवलं होतं. भांडं उचलताना तिची नजर खाटेवर गेली आणि तिनं ते परत खाली ठेवलं.

"ह्ये काय हाय?"

"सदरा."

"डोळं हायेत मला. कुनाचा?"

"माझा. टॉलिव्हरसायबानं दिला."

नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही तो रंग ठाऊक होता. मालक लोकांच्या पक्षाची माणसं तो सदरा घालून, बंदुका लावून घोड्यांवरून हिंडत आणि काळ्या माणसांच्या सभा उधळत. उन्हाळ्यात नदीच्या वरच्या अंगाला त्यांनी माणसं पकडून एकेकाला बाहेर काढून गोळ्या घातल्या होत्या. उत्तर-दक्षिणेची लढाई संपून, गुलामी सुटून अकरा वर्षं झाली होती. पुरुषांना मत मिळालं होतं, जमीन मात्र टॉलिव्हरचीच राहिली होती. आता नोव्हेंबरात मतदान होतं आणि मालकांना सगळं कॅरोलायना राज्य पुन्हा मुठीत हवं होतं. त्यासाठी आपल्यातलेही दोन-चार जण त्यांनी लाल केले होते.

"मत त्यास्नी देनार?"

"देनार. उघाडी देतो म्हनालाय मला."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला नदीचं पाणी खाचरात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. ते राखणाऱ्याला खाचरात उतरावं लागत नसे आणि उंचवट्यावरचं विटांच्या धुराड्याचं घर मिळत असे.

"पाय बघ माझं," मिंगो म्हणाला. "अजून दोन हंगाम. मग रांगत जायचं का खाचरात? आपल्या पक्षानं काय दिलं मला? भाषन दिलं. मत माझं हाय, मी कुनालाबी देईन."

"तुझ्या एकट्याचं न्हाई. बाईला मत न्हाई म्हनून माझं बी तुझ्याच हातात हाय. आपली लेक रूथ ज्यांनी विकली, त्यांच्या हातात देनार तू ते?"

मिंगोनं वर पाहिलं नाही. "मत दिल्यानं रूथ परत येनार हाय का?"

झिल्पानं तापलेलं पाणी अंगणात ओतून टाकलं. मग खाटेवरचं त्याचं अंथरूण गोळा केलं, लाल सदऱ्यासकट, आणि दाराबाहेर नेऊन टाकलं. मिंगोनं ते उचललं आणि तो मागच्या लाकडांच्या खोपटात गेला. भांडण झालं नाही. तिनं त्याच्यापुरती भाकर करायचं थांबवलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी खाचरात बातमी तिच्या आधी पोचली होती. बायका ओळीनं वाकून कापत होत्या. विळे एका लयीत चालले होते, गुडघ्याएवढ्या चिखलात पाय फसत होते, डास तोंडात जात होते. झिल्पाच्या शेजारच्या ओळीला बायना होती. बायना आडव्या हाडाची, विधवा, जिभेची धारदार. कापणीला दोघी शेजारी असत आणि मळणीला समोरासमोर.

"तुझ्या घरात लाल कोंबडा शिरलाय म्हनं," बायना मान वर न करता म्हणाली.

"घरात न्हाई. खोपटात."

"अंडी घालतोय का?"

ओळभर बायका हसल्या. झिल्पाही हसली.

त्या रविवारी देवळात मिंगो बाकावर बसला, तसा तो बाक रिकामा झाला. पाद्रीबुवांनी त्या दिवशी बायबलातली एसावाची गोष्ट काढली. भूक लागली म्हणून त्यानं मसुरीच्या कालवणासाठी थोरलेपणाचा हक्क विकला. देऊळभर सगळी डोकी वळून मिंगोकडं बघत होती. मिंगो समोर बघत बसून राहिला. तो उठून गेला असता तर झिल्पाला बरं वाटलं असतं. तो बसून राहिला, प्रार्थनेला सगळ्यांबरोबर आमेन म्हणाला आणि तिला त्या आवाजाचीच किळस आली.

मालकांच्या सभांना जेवणं असत. मिंगो तिथून यायचा तो तोंडाला, बोटांना चरबी लागलेला. एकदा त्यानं डुकराचं भाजलेलं मांस पानात बांधून तिच्या उंबऱ्यावर ठेवलं. सकाळी ती उठली तेव्हा पानावर मुंग्यांचा थर होता. तिनं काठीनं ते ओहोळात ढकललं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी बायका बांधावरून परतत होत्या. समोरून मिंगो आला, लाल सदऱ्यात, थोडी घेतलेला. बांध अरुंद. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चिखल. बायना वाटेत उभी राहिली.

"काढ."

"वाट दे, बायना."

"सदरा काढ, मग वाट देते. त्यो सदरा घालून आमच्या बांधावरनं न्हाई चालायचं."

मिंगो तिला कोपरानं बाजूला सारून पुढं जायला लागला. तेवढंच निमित्त झालं. पाच-सात जणी तुटून पडल्या. कुणी गळपट्टी धरली, कुणी केस. बायनाच्या हातातल्या काठीचा टोला बरगडीवर बसला तसा तो गुडघ्यावर आला. त्याचा उजवा हात मोकळा होता. तो झिल्पानं धरला.

सदरा फाटून निघाला. तिथं थांबायला हरकत नव्हती. पण कुणीतरी विजारीला हात घातला, आणि मग तीही निघाली. पन्नाशीचा माणूस, बाप झालेला, उघडा-नागडा बांधावर लोळत होता आणि बायका हसत होत्या. एकीनं चिखलाचा गोळा मारला, तो त्याच्या पोटावर फुटला. हसणं वाढलं. मिंगो डाव्या हातानं लाज झाकत होता.

"झिल्पा," तो हळू म्हणाला. "हात सोड."

तिनं सोडला नाही. तिला सोडायचा होता, पण बोटं सुटेनात. आणि त्याच वेळी तिला ते हसणं ओळखीचं वाटलं. लहान असताना टॉलिव्हरच्या बापाच्या वाड्यासमोर एका माणसाला असंच उघडं करून खांबाला बांधलं होतं, आणि ओसरीवरच्या गोऱ्या मडमा अशाच हसत होत्या. आता हसणाऱ्या आपल्या होत्या, आणि धरणारी ती.

बायका निघून गेल्या. बोटं सुटली तेव्हा झिल्पाच्या तळहाताला त्याचा घाम लागला होता. तो तिनं झग्याला पुसला. घरी जाऊन राखेनं हात घासले. कुणाची जास्त किळस येत होती, त्याची की स्वतःची, हे तिला उलगडेना.

मिंगोला टॉलिव्हरच्या माणसांनी उचलून नेलं. मोठ्या घराच्या मागच्या खोलीत त्याच्यासाठी खाट टाकली, डॉक्टर आणला. जन्मात त्यानं डॉक्टर बघितला नव्हता. मतदानाच्या दिवशी टॉलिव्हरच्या बग्गीतून तो आला. छातीला पांढऱ्या पट्ट्या, खांद्यावर दुसरा नवा लाल सदरा. दोघा गोऱ्यांनी त्याला काखेत धरून, सगळ्यांना दिसेल असं हळूहळू, पेटीपर्यंत चालवत नेलं.

आपले पुरुष पहाटेपासून रांगेत होते. लाल सदरेवाले रांगेत घोडी घालत, माणसं पांगत, घोडी पुढं गेली की पुन्हा रांग धरत. बायका रस्त्याच्या कडेला भाकरी आणि पुरुषांच्या काठ्या सांभाळत बसल्या होत्या. एका घोड्यानं रांगेतच शेण टाकलं. माणसं त्यावरून एकेक पाऊल पुढं सरकत होती, कारण बाजूला झालं की नंबर गेला. संध्याकाळी पुरुष परत आले तेव्हा कुणाच्या कपाळाला खोक पडली होती, कुणाचा जोडा गेला होता. पण मतं घालून आले होते. त्या रात्री कुणी जेवलं नाही, सगळे गातच होते.

गाणं आठवडाभर पुरलं. मग कळलं की वरच्या अंगाला माणसांपेक्षा मतं जास्त निघाली. राजधानीत दोन पक्षांचे दोन गव्हर्नर झाले आणि दोघंही आपणच खरे म्हणू लागले. ह्या घोळात एक दिवस शिपाई आले आणि बायनाला घेऊन गेले. दंगा करून मतदाराला मारहाण केल्याचा आरोप. मत बायनाला नव्हतंच, पण दंगा तिच्या नावावर लागला.

खटला तालुक्याच्या गावी, लेनॉक्सपुढं होता. लेनॉक्स आपलाच माणूस, काळा, उत्तरेकडून सैन्याबरोबर आलेला, शिकलेला. आधी तो शाळा चालवायचा. त्याला न्यायाच्या खुर्चीवर बसवायला नदीकाठच्या सगळ्या खोपट्यांनी कोंबड्या कापल्या होत्या, झिल्पानंही. त्यामुळं बायना कठड्यात उभी राहिली ती ताठ मानेनं. तिला वाटत होतं, खुर्ची आपली आहे. बाकी बायकांना टॉलिव्हरनं त्या दिवशी मुद्दाम मळणीला लावलं होतं. झिल्पा एकटीच काम टाकून चालत आली होती.

लेनॉक्स समोर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसला होता. सोलायचा, खायचा, टरफलं कागदावर टाकायचा. त्यानं बायनाकडं एकदाही सरळ पाहिलं नाही.

टॉलिव्हरच्या वकिलानं मिंगोला उभं केलं. "मिंगोकाका, घाबरू नका. तुम्हाला कुणी मारलं ते सांगा."

पांढऱ्या केसांच्या काळ्या माणसाला गोरे लोक काका म्हणत, म्हणजे श्रीयुत म्हणावं लागत नसे.

"बायनानं," मिंगो म्हणाला.

"आणखी कोण होतं?"

मिंगोनं चौघींची नावं घेतली. सावकाश, पाठ केल्यासारखी. प्रत्येक नावाबरोबर झिल्पा पुढच्या नावाची वाट बघत होती. पाचवं आलं नाही.

"तुमचा उजवा हात कुणी धरला होता?" फिर्यादीच्या कागदावर नजर टाकून लेनॉक्सनं शेंग सोलता सोलता विचारलं.

"बघितलं न्हाई, सायेब."

झिल्पा उठली. "मी धरला."

लेनॉक्सनं शेंग खाली ठेवली.

"बाई, खाली बसा."

"मी हिची बाजू सांगाय न्हाई उठले. खरं सांगाय उठले. हात मी धरला. ह्यो सोड म्हनाला, मी सोडला न्हाई. बायनाला जी शिक्षा, ती मला बी पायजे. आनि का धरला ते बी लिवा. त्यानं आमचं मत विकलं म्हनून धरला."

टॉलिव्हरचा वकील घाईघाईनं उभा राहिला. "ही फिर्यादीची बायको आहे. नवरा-बायकोच्या भांडणाशी ह्या खटल्याचा काही संबंध नाही."

झिल्पाच्या लक्षात आलं. बायकोनं नवऱ्याचा हात धरला म्हटलं, तर दंगा कुठला, ते घरचं भांडण झालं. घरच्या भांडणाला तुरुंग देता येत नाही, आणि चार बायकांना धाकात ठेवता येत नाही.

"तुम्हाला कुणी साक्षीला बोलावलेलं नाही," लेनॉक्स म्हणाला. "हे लिहून घेऊ नका." मग कारकुनानं लेखणी खाली ठेवली. गुलामीत काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे. आता कायद्यानं चालत होती, फक्त ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

बायनाला तीन महिने सक्तमजुरी झाली. बाकी चौघींना ताकीद. बायना जाताना झिल्पासमोरून गेली, पण शिपायानं तिला थांबू दिलं नाही.

झिल्पा लेनॉक्सच्या मागच्या खोलीत शिरली. कुणी अडवलं नाही. खोलीत शिरताच तिला धुरावलेल्या मांसाचा वास आला. कोपऱ्यात खुंटीला डुकराची आख्खी तंगडी टांगलेली होती, कापडात गुंडाळून. तो धूर तिला ओळखता येत होता. तसली लाकडं टॉलिव्हरच्याच मांस धुरावण्याच्या खोलीत जाळत.

लेनॉक्सला तिची नजर कुठं गेली ते दिसलं. "नाताळ जवळ आलाय. लोक पाठवतात."

"लोक?"

"झिल्पाबाई, समजून घ्या. तिकडं दोन गव्हर्नर बसलेत. उद्या मालकांचा टिकला तर मी ह्या खुर्चीवर राहायला हवा ना? मी गेलो तर इथं टॉलिव्हरचा पुतण्या बसेल. तो तीन महिने नाही, तीन वर्षं देईल. मी तुमच्यासाठीच टिकून आहे. तुम्हाला आज वाचवलं मी."

"तुमी न्हाई वाचवलं. टॉलिव्हरच्या वकिलानं वाचवलं."

"तेही तुमच्या भल्यासाठीच."

"तुमाला आमी बसवलं," झिल्पा म्हणाली. "आमच्या हातचं खाल्लंत, तवा बोटं चाटत होता. ती बोटं अजून तशीच हायेत."

लेनॉक्सनं बोटं पाठीमागं नेली. ती बाहेर पडली, कोर्टाच्या पायऱ्या उतरली आणि भिंतीच्या आडोशाला वाकून ओकली. पोटात सकाळचा घोटभर चहा होता, तेवढाच पडला.

परतीच्या वाटेवर मिंगोची गाडी तिच्यामागून आली. टॉलिव्हरनं त्याला एक खेचर आणि छकडा दिला होता. तो तिच्या चालीनं छकडा हाकू लागला.

"बस. लांब हाय."

ती चालत राहिली.

"उंचवट्यावरचं घर मिळालं. खिडकीला काच हाय. जमीन कोरडी हाय, झिल्पा. रात्री बेडूक येत न्हाईत."

तिनं पावलं भरभर टाकली.

"मी तुझं नाव घेतलं न्हाई."

"घ्यायला पायजे हुतंस."

"तुरुंगात गेली असतीस."

"माझ्या पायांनी गेले असते." ती थांबली आणि त्याच्याकडं वळली. "मी तुझ्याशी वाईट वागले, मिंगो. बांधावर तुझा हात धरला, ते वाईट केलं. ते माझ्या अंगाला चिकटलंय आनि जायाचं न्हाई. तुझी माफी मागते. पन त्यामुळं तू चांगला झालास, असं न्हाई."

मिंगो लगामाशी चाळा करत राहिला. "मग येनार न्हाईस?"

"न्हाई."

"पाय कोन धुनार माझं?" हे तो रागानं म्हणाला नाही. खरंच विचारत होता. झिल्पाला भडभडून आलं, पण तिनं मान फिरवली आणि रस्ता सोडून ती शेतातल्या पायवाटेला लागली. तिकडं छकडा येऊ शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर मळणी चालू होती. थंडी पडली होती. बायका जोडीजोडीनं समोरासमोर उभ्या राहून दोन दांडक्यांच्या, मधे वादी बांधलेल्या झोडपण्यांनी भात झोडत होत्या. एकीचं खाली आलं की दुसरीचं वर. झिल्पा आली तशी बोलणी थांबली. ज्या चौघींची नावं मिंगोनं घेतली होती, त्या एका बाजूला उभ्या होत्या.

"आली," त्यांतली एक म्हणाली. "सहा जनी मारायला. पाच जनींची नावं."

"नवरा-बायकोचं कधी तुटतं व्हय?" दुसरी म्हणाली. "दिवसा भांडत्यात, राती एका खाटेवर."

"काच लागलीय म्हनं खिडकीला."

कोर्टात काय झालं ते झिल्पानं सांगितलं असतं. पण सांगणाऱ्याचा शब्द ह्या हंगामात कुणी खरा मानत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. तिनं बायनाच्या वाटणीच्या पेंढ्या सोडल्या, अंथरल्या आणि एकटीच झोडायला लागली. समोर कुणी नसलं की झोडपणं जड होतं. उचलायची वेळ कळत नाही, पेंढी उडते, खांदा भरून येतो. तिनं दिवसभर तसंच झोडलं. दुपारी तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. कुणीतरी तिच्या पाण्याच्या तांब्यात थुंकलं होतं. तिनं तो पालथा केला, धुतला आणि ओहोळावरून भरून आणला.

असे चार-पाच दिवस गेले. खांद्याला सूज आली. स्वतःचा ढीग झोडून झाल्यावर ती बायनाचा झोडत होती, म्हणून अंधार पडेस्तोवर तिला थांबावं लागे. मुकादम येऊन हसून गेला. "मालकिणीनं उंचवट्यावर बसायचं सोडून ही हौस कशाला?"

आठवडा संपताना बायनाची लेक टेंपी तुरुंगात आईला भेटून आली. पाठीला तान्हं बांधलेलं होतं. ती बराच वेळ खळ्याच्या कडेला उभी राहून बघत होती. मग तिनं मूल सोडून पेंढ्यावर निजवलं, आईचं खांबाला टांगलेलं झोडपणं घेतलं आणि झिल्पासमोर येऊन उभी राहिली. बाकीच्या जोड्यांचा आवाज मंदावला.

"आई म्हनाली, कोर्टात तू उठलीस. एकटीच उठलीस." टेंपी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली. मग आवाज उतरवून म्हणाली, "म्हनून आले. पन माझी आई दगड फोडतीया आनि तू हितं हायेस. माझ्याशी बोलू नगंस."

झिल्पानं मान हलवली.

"हान," टेंपी म्हणाली.

झिल्पानं झोडपणं उचललं. पहिले तीन-चार घाव चुकले, दोघींची दांडकी एकमेकांवर आपटली. टेंपीनं दात खाऊन तोंड फिरवलं, पण ती हटली नाही. मग हळूहळू एकीचं वर, एकीचं खाली होऊ लागलं आणि भात सुटायला लागलं.